मोठ्या टायरसाठी पिकअपची उंची वाढवणे : मापापासून अलाइनमेंटपर्यंत

सातारा जिल्ह्यातील पाटण आणि जावळीच्या डोंगरवस्त्यांवर किंवा सांगलीच्या शिराळा भागात पावसाळ्यात पिकअप नेणाऱ्यांना एक अडचण सारखी येते. कच्च्या वाटेवर चाकोऱ्या खोल होतात, मधला उंचवटा डिफरन्शियलला (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या गोळ्याला) घासतो आणि चाके चिखलात फिरत राहतात. यावर उपाय म्हणून अनेक जण गाडीची उंची वाढवून मोठे टायर बसवतात. बहुतेक ठिकाणी हे काम उलट्या क्रमाने होते. आधी बाजारात मिळेल ते लिफ्ट किट बसवले जाते, नंतर नजरेला भरतील असे टायर घेतले जातात, आणि ते घासू लागले की मडगार्ड कापले जातात. खरा क्रम असा आहे की प्रथम कागदपत्रे तपासावीत, मग टायर ठरवावा, त्या टायरला लागणारी जागा मोजावी आणि तेवढ्यापुरतीच उंची वाढवावी.

सस्पेन्शन उचलल्याने चासी आणि बॉडी वर जातात, पण मागचा अखंड अ‍ॅक्सल आणि त्याच्यामधला डिफरन्शियलचा गोळा जागेवरच राहतो. तो गोळा जमिनीपासून वर उचलणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे टायरची त्रिज्या. पाटे (लीफ स्प्रिंग) बदलून गाडी १०० मिमी उंच केली आणि टायर जुनेच ठेवले, तर चाकोरीतला उंचवटा डिफरन्शियलला पूर्वीइतकाच लागतो. शिवाय गाडीचा गुरुत्वमध्य वर गेल्याने वळणावरची स्थिरता कमी होते, म्हणजे पैसे खर्चून नुकसानच पदरी पडते.

कागदपत्रे

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ च्या निकालात हीच भूमिका घेतली आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात आलेल्या कलम १८२अ मध्ये, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. माल वाहतुकीच्या वाहनाच्या नोंदणीत टायरची संख्या, प्रकार आणि मापही लिहिलेले असते. त्यामुळे पिवळ्या पाटीच्या पिकअपवर मापाबाहेरचे टायर असतील, तर फिटनेसच्या तपासणीत ते लगेच नजरेत येतात.

म्हणून पाना हातात घेण्याआधी आपल्या गाडीची नोंद जिथे आहे त्या परिवहन कार्यालयात जावे. सांगलीचे एमएच १०, साताऱ्याचे एमएच ११ आणि कराडचे एमएच ५० अशी ही तीन कार्यालये आहेत. कोणता टायर आणि किती उंची हवी आहे ते लेखी सांगून परवानगी मिळते का ते विचारावे, आणि उत्तर नकारार्थी आले तर तो बदल सोडून द्यावा. आपल्याच मॉडेलच्या वरच्या प्रकारावर उत्पादकाने जे मोठे माप दिलेले असते, त्याचा विचार सर्वांत आधी करावा, कारण त्याला सहसा उंची वाढवावी लागत नाही आणि बोलणीही सोपी होतात. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवून त्याची नोंद पॉलिसीवर करून घ्यावी. न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो.

टायरचे गणित

समजा, गाडीवर २५५/६५ आर १७ हे माप आहे. यातील २५५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६५ ही रुंदीच्या टक्क्यांमध्ये मोजलेली टायरच्या बाजूची उंची आणि १७ हा रिमचा इंचांतील व्यास असतो. बाजूची उंची सुमारे १६६ मिमी येते, तिची दुप्पट करून रिमचे ४३२ मिमी मिळवले की एकूण व्यास ७६३ मिमी होतो. आता २६५/७० आर १७ घेतला, तर तो ८०३ मिमी भरतो. व्यासात ४० मिमीची वाढ झाली, त्यामुळे डिफरन्शियलखाली २० मिमी जागा वाढली. त्यापुढचे २८५/७० आर १७ हे माप घेतले, तर व्यास ८३१ मिमी होतो आणि वाढ जवळजवळ नऊ टक्क्यांवर जाते.

माझ्या मते रोज कामाला जुंपलेल्या पिकअपसाठी पाच टक्क्यांची वाढ ही शेवटची मर्यादा मानावी. व्यास जितका वाढतो तितकेच गिअरिंग लांब होते. याचा परिणाम चढावर लगेच जाणवतो, पण उतारावर होणारा परिणाम अधिक गंभीर असतो. कुंभार्ली किंवा केळघर घाटात भरलेली गाडी खाली आणताना दुसऱ्या गिअरवर इंजिन जितके रोखून धरत होते, तितके ते आता धरत नाही आणि उरलेले काम ब्रेकवर पडते. स्पीडोमीटरही त्याच प्रमाणात चुकतो. काटा ८० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ताशी ८४ किलोमीटरने धावत असते.

टायरवरचा भारांकही पाहावा. ११० भारांकाचा टायर १०६० किलो आणि ११५ चा १२१५ किलो पेलतो. नवा टायर दिसायला कितीही दणकट असला, तरी त्याचा भारांक मूळ टायरपेक्षा कमी असेल तर तो घेऊ नये. नक्षी निवडताना आपल्या मातीचा विचार करावा. पाटण, जावळीकडच्या तांबड्या मुरमाड वाटांवर ऑल टेरेन नक्षी पुरेशी पडते. वाळवा, पलूस, मिरज भागातील काळ्या रानात मात्र तिच्या खाचा चिखलाने भरून टायर गुळगुळीत होतो, तिथे मोकळ्या खाचांचा मड टेरेन टायरच चिखल झटकत पुढे जातो. पण हाच टायर पुणे-बंगळूर महामार्गावर ओल्या डांबरावर कमी पकड देतो आणि आवाजही करतो. ज्यांची गाडी उसाच्या फडापेक्षा महामार्गावर जास्त चालते, त्यांनी ऑल टेरेनच घ्यावा.

जागा मोजणे आणि बंप स्टॉप

या कामातील सर्वांत दुर्लक्षित बाब बंप स्टॉपची, म्हणजे वर जाणाऱ्या चाकाला शेवटी अडवणाऱ्या रबरी ठोकळ्याची आहे. लांब किंवा कडक स्प्रिंग बसवल्याने गाडी उभी असताना उंच दिसते आणि टायरभोवती भरपूर मोकळी जागा वाटते. परंतु भरलेली गाडी खड्ड्यात आपटते तेव्हा सस्पेन्शन पूर्ण दाबले जाते आणि चाक थेट बंप स्टॉपपर्यंत वर जाते. ती शेवटची जागा स्प्रिंग बदलल्याने बदलत नाही. जो मोठा टायर पूर्ण दाबाखाली मडगार्डला घासणार होता, तो लिफ्टनंतरही तिथेच घासतो, फरक एवढाच की ते कमी वेळा घडते. त्यामुळे मोजणी पूर्ण दाबलेल्या स्थितीत करावी, आणि तिथे टायर लागत असेल तर बंप स्टॉप लांब करून चाक थोडे आधी थांबवावे. शॉकअपही त्याच हिशेबाने निवडावा, कारण बंप स्टॉप टेकण्याआधी शॉकअप आतून टेकला तर त्याचे सील आणि बुश टिकत नाहीत.

मोजणी करताना गाडी सपाट फरशीवर, रिकामी, चारही टायरांत ठरलेली हवा भरून उभी करावी. प्रत्येक चाकाच्या केंद्रापासून त्याच्या बरोबर वर असलेल्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून चारही आकडे वहीत लिहावेत. जमिनीपासून मडगार्डपर्यंत मोजू नये, कारण त्या मापात टायरची उंची मिसळते आणि सस्पेन्शनमुळे नेमका किती फरक पडला ते कळत नाही. डाव्या-उजव्या बाजूंत दहा मिमीपेक्षा जास्त फरक दिसला, तर एखादा पाटा बसला आहे किंवा मोडला आहे असे समजावे आणि आधी ती दुरुस्ती करावी.

वरच्या उदाहरणातील २६५/७० टायरसाठी पुढे आणि मागे साधारण ४० मिमी उंची पुरावी, असा माझा सल्ला आहे. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या पिकअपमध्ये ५० मिमीच्या पुढे जाऊच नये. त्यापलीकडे अप्पर आर्म (चाकाला चासीशी जोडणारा वरचा दांडा), त्याचा बॉल जॉइंट आणि चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या (फोर-व्हील ड्राइव्ह) गाडीतील ड्राइव्ह शाफ्टचे सीव्ही जॉइंट यांचे कोन इतके तिरपे होतात की सुटे भाग सतत बदलत राहावे लागतात.

पुढच्या बाजूचे काम

इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स यांसारख्या पिकअपमध्ये पुढे कॉइल स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला स्ट्रट असतो. त्याच्या माथ्यावर चकती घालणे हा स्वस्त उपाय आहे, आणि थोडी लांब, योग्य ताकदीची स्प्रिंग व तिला जुळणारा शॉकअप बसवणे हा चांगला उपाय आहे. चकती घेताना एक हिशेब लक्षात ठेवावा. स्ट्रट लोअर आर्मच्या टोकाला नसून त्याच्या लांबीत मध्ये कुठेतरी बसलेला असतो, त्यामुळे माथ्यावरच्या २५ मिमीच्या चकतीने चाकापाशी साधारण ४० ते ५० मिमी फरक पडतो. ‘पन्नास हवेत म्हणून पन्नासची चकती’ घालणाऱ्याची गाडी नको तितकी वर जाते. टॉर्शन बार (स्प्रिंगऐवजी पिळली जाणारी सळई) असलेल्या जुन्या पिकअपमध्ये समायोजनाचा बोल्ट फिरवून उंची वाढते, पण चाकाची खाली जाण्याची चाल तितकीच घटते, म्हणून तिथे २५ ते ३० मिमीवर थांबावे.

गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी लावाव्यात, चाकाचे नट जमिनीवरच थोडे सैल करावेत आणि गाडी जॅकने उचलून चासीखाली स्टँड लावावेत. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये, आणि विटांचा किंवा दगडांचा आधारही स्टँड म्हणून वापरू नये.

चाके काढल्यावर ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर यांचे ब्रॅकेट सोडवावेत, तसेच स्टॅबिलायझर बारच्या लिंक दोन्ही बाजूंनी काढाव्यात. एकाच बाजूची काढल्यास बार पिळलेला राहतो आणि पुढचे भाग हलत नाहीत. लोअर आर्मखाली जॅकचा आधार द्यावा. अप्पर बॉल जॉइंटची पिन काढून नट सैल करावा, पण शेवटचे चार-पाच आटे तसेच ठेवावेत. नकलच्या (चाक ज्यावर बसते त्या भागाच्या) कानावर हातोडीचे नेमके टोले दिले की जॉइंट सुटतो, आणि नट जागेवर असल्याने आर्म एकदम उसळत नाही. मग नट पूर्ण काढून लोअर आर्म हळूहळू खाली सोडावा, स्ट्रटचा खालचा बोल्ट काढावा आणि शेवटी माथ्यावरचे बाहेरचे नट काढून स्ट्रट बाहेर घ्यावा.

माथ्याच्या मधोमध असलेल्या नटाला कोणत्याही परिस्थितीत हात लावू नये. दाबलेली स्प्रिंग त्या एका नटाने धरून ठेवलेली असते आणि तो सुटला तर जीव जाऊ शकतो. माथ्यावरची चकती या नटाला न शिवता बसते. स्प्रिंगच बदलायची असेल, तर स्ट्रट भक्कम स्प्रिंग कॉम्प्रेसर असलेल्या वर्कशॉपमध्ये न्यावा. सातारा, कराड, सांगली, मिरज या शहरांत असे वर्कशॉप शोधणे अवघड नाही, आणि या एका कामासाठी पैसे देण्यात हयगय करू नये.

परत जोडताना माथ्याचे नट आधी हाताने लावावेत, लोअर आर्म दाबून खालचा बोल्ट बसवावा आणि बॉल जॉइंटला नवी पिन घालावी. ज्या बोल्टच्या भोवती रबरी बुश आहे, ते बोल्ट मात्र चाके लटकत असताना आवळू नयेत. गाडी चाकांवर उभी करून, दोन-तीनदा पुढेमागे हलवून, मगच ते टॉर्क पान्याने सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाला आवळावेत. लटकत्या स्थितीत आवळलेले बुश गाडी खाली आल्यावर कायमचे पिळलेले राहतात आणि थोड्याच महिन्यांत फाटतात.

मागचे पाटे

मागे उंची वाढवण्याचे चार मार्ग आहेत. पाटे अ‍ॅक्सलच्या वर असतील, तर मध्ये लोखंडी ठोकळा घालता येतो, पण उंच ठोकळ्यामुळे जोर लावताना अ‍ॅक्सल पिळला जाऊन पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वाकतात. एकावर एक दोन ठोकळे कधीही ठेवू नयेत, आणि पुढेही पाटे असलेल्या पिकअपच्या पुढच्या अ‍ॅक्सलवर ठोकळा मुळीच घालू नये. लांब शॅकल (पाट्याचे टोक चासीला जोडणारी झुलती पट्टी) हा दुसरा मार्ग आहे. शॅकल पाट्याच्या एकाच टोकाला असल्याने ३० मिमी उंचीसाठी तो ६० मिमी लांब करावा लागतो, आणि त्यामुळे अ‍ॅक्सल फिरून डिफरन्शियलच्या तोंडाचा कोन बदलतो. तिसरा मार्ग जादा पाटा घालण्याचा आणि चौथा संपूर्ण नवा संच बसवण्याचा आहे.

यातली निवड गाडीत काय वाहायचे आहे यावर करावी. गाडी वर्षातले बहुतेक दिवस खतांची पोती किंवा बांधकामाचे साहित्य वाहत असेल, तर जादा पाटा योग्य ठरतो. तासगाव-पलूसकडचा बागायतदार मात्र त्याच गाडीतून द्राक्षांचे क्रेट नेतो, आणि कडक पाट्यांवर अर्धवट भरलेली गाडी उडते तेव्हा प्रत्येक हिसका मण्यांना आणि देठांना बसतो. त्याने थोडी जास्त कमान असलेला, पण ताकद मूळचीच ठेवलेला नवा संच घ्यावा. पाटे कितीही वाढवले, तरी नोंदणी प्रमाणपत्रातील वजनाची मर्यादा वाढत नाही, हे दोघांनीही ध्यानात ठेवावे.

काम एका वेळी एकाच बाजूचे करावे. पाट्यांच्या पुढच्या हँगरच्या पुढे, चासीखाली स्टँड लावून अ‍ॅक्सलला जॅकचा आधार द्यावा. शॉकअपचा खालचा बोल्ट काढून पाटे आवळून धरणारे यू-बोल्ट सोडवावेत आणि ब्रेकच्या नळीवर ताण येत नाही ना हे पाहत अ‍ॅक्सल सावकाश खाली घ्यावा. जादा पाटा घालायचा असेल, तर संच दोन जी-क्लॅम्पने घट्ट धरूनच सेंटर बोल्ट काढावा, कारण मोकळे सुटलेले पाटे जोराने उसळतात. नवा सेंटर बोल्ट तितका लांब असावा आणि त्याचे डोके अ‍ॅक्सलच्या बैठकीतील भोकात पूर्ण बसलेले असावे. ते बसले नसेल तर अ‍ॅक्सल तिरका राहतो आणि गाडी एका अंगाने चालते. यू-बोल्ट नेहमी नवे घ्यावेत आणि आलटून-पालटून, समोरासमोरच्या कोपऱ्यांनी, समान आवळावेत.

यानंतरची एक तपासणी बहुतेक गॅरेजमध्ये राहून जाते. अनेक पिकअपमध्ये चासी आणि मागचा अ‍ॅक्सल यांना जोडणारी बारीक सळई असलेला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. माल भरला की चासी खाली येते, सळई सरकते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. उंची वाढवल्यावर हे अंतर कायमचे वाढते, त्यामुळे व्हॉल्व्ह भरलेल्या गाडीलाही रिकामी समजतो आणि मागचे ब्रेक कमी लागतात. सपाट रस्त्यावर हे कळत नाही, पण लांब उतारावर पुढचे ब्रेक एकटेच काम करून तापतात आणि पकड सोडू लागतात. म्हणून जितकी उंची वाढवली, तितकाच सळईचा ब्रॅकेट सरकवावा आणि मॅन्युअलप्रमाणे व्हॉल्व्हचे समायोजन करून घ्यावे. त्याच वेळी अ‍ॅक्सल पूर्ण लटकता ठेवून ब्रेकची नळी, हँडब्रेकची केबल, एबीएसची वायर आणि अ‍ॅक्सलच्या ब्रीदरची (आतली हवा बाहेर सोडणारी) नळी यांत ढील उरते का ते पाहावे. ब्रीदरची नळी निसटलेली राहिली, तर ओढा ओलांडताना डिफरन्शियलमध्ये पाणी शिरते. प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून डिफरन्शियलकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) कोनाचीही तपासणी करावी, आणि ठरावीक वेगाला घरघर जाणवली तर पाट्याखाली तिरकी पट्टी घालून तो कोन सुधारावा.

टायर, अलाइनमेंट आणि चाचणी

पाचही टायर एकदम विकत घेण्याआधी दुकानदाराकडून एक टायर रिमवर चढवून पुढे लावून पाहावा. टायरच्या खांद्यांना आणि कडांना खडू फासावा, स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे, आणि नंतर ते चाक मजबूत रॅम्पवर चढवून सस्पेन्शन जास्तीत जास्त दाबलेल्या स्थितीत हीच क्रिया पुन्हा करावी. खडूचे डाग मडगार्डच्या प्लॅस्टिक अस्तरावर उमटले, तर अस्तर गरम करून मागे दाबता येते. डाग चासीवर किंवा अप्पर आर्मवर उमटले, तर टायर रुंद आहे असे समजून खालचे माप घ्यावे. चाके बाहेर काढणाऱ्या चकत्या बसवून ही अडचण सोडवू नये, कारण त्यामुळे बेअरिंगवरचा भार आणि स्टीअरिंगचा ओढा दोन्ही वाढतात. स्टेपनी जुन्या जागेत बसते का तेही याच वेळी पाहावे.

उंची वाढल्यावर पुढच्या चाकांचे कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे असलेला कल) कमी होते, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि टो (चाकांची तोंडे आत किंवा बाहेर वळलेली असणे) बदलतात. कॅस्टर कमी झाले की वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ होत नाही आणि महामार्गावर गाडी भरकटू लागते. म्हणून नुसते टो न जुळवता तिन्ही कोनांचे आकडे छापून देणाऱ्या यंत्रावरच अलाइनमेंट करावे. कॅस्टर उत्पादकाच्या मर्यादेत येत नसेल, तर बदललेला अप्पर आर्म बसवावा किंवा उंची कमी करावी. तसेच पुढचे दिवे भिंतीसमोर गाडी उभी करून खाली जुळवावेत, नाहीतर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर झोत पडतो.

पहिली चाचणी सपाट रस्त्यावर रिकाम्या गाडीने, कमी वेगात आणि मोकळ्या जागी जोरात ब्रेक दाबून घ्यावी. त्यानंतर मर्यादेच्या निम्मे वजन भरून यवतेश्वरसारख्या वळणाच्या घाटात गाडी वर-खाली न्यावी आणि उतरल्यावर चारही चाकांपाशी ब्रेकचा वास व उष्णता तपासावी. पुढची चाके फार तापलेली आणि मागची थंड असतील, तर लोड सेन्सिंग व्हॉल्व्हकडे परत जावे. पूर्ण वजन भरून खराब रस्त्यावर चाचणी घेतली की खडूच्या खुणा पुन्हा पाहाव्यात. चाकांचे नट ५० ते १०० किलोमीटरनंतर, आणि यू-बोल्ट तेव्हा एकदा व ५०० ते १००० किलोमीटरच्या दरम्यान दुसऱ्यांदा, टॉर्क पान्याने आवळावेत. नवे पाटे थोडे बसतात, म्हणून त्याच वेळी चाकाच्या केंद्रापासून मडगार्डपर्यंतची चारही मापे पुन्हा घ्यावीत आणि आकडे बदलले असतील, तर अलाइनमेंट आणि दिवे परत जुळवून घ्यावेत.